माळ्यावर टाकलेला पूर

सोराइदा यार्लेकेला कुणी वेळ विचारली, तर ती आधी मनगटावरचं घड्याळ बघे, मग भिंतीवरचं बघे, आणि दोन्ही जुळली तरच सांगे. पियुरा प्रांतातल्या आमच्या गावच्या नदी कार्यालयात नकाशे आणि फोटो सांभाळण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. ताक कसलं, ही बाई साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायची. कार्यालयातले लोक म्हणत, "बाप्तिस्म्याचा दाखला समोर धरल्याशिवाय सोराइदा स्वतःचं नाव सांगत नाही." ती हसत नसे, रागावतही नसे. तिला ती स्तुतीच वाटे, आणि खरं सांगायचं तर होतीच.

तिच्याकडे एक शिक्का होता. 'मूळ पाहून खात्री केली' अशी त्यावर अक्षरं, खाली तिचं नाव. आमच्याकडे शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी. शिक्का उमटला की त्याच रद्दीपुढे पोलीससुद्धा टोपी काढतो. बाकीचे आपापले शिक्के टेबलाच्या खणात टाकून जेवायला जात, आणि मागे कोण काय छापून घेई ते देवालाच ठाऊक. सोराइदाचा शिक्का मात्र तिच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेला. सव्वीस वर्षांत मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो एकदाही उमटला नव्हता.

आता त्या फोटोंबद्दल. ८३ साली एल निनोने, आमच्याकडे तो दुष्काळ नाही, पूर आणतो, आमचं सगळं खोरं धुऊन नेलं, तेव्हा विमानातून काढलेले चार हजार एकशे बारा फोटो कार्यालयात होते. पाणी कुठे फुटलं, कुठून वळलं, कुठे जाऊन थांबलं, सगळं त्यांत होतं. लोखंडी कपाटात ओल आणि वाळवी दोघी मिळून त्यांना खात होत्या. सोराइदाने एकटीने, सात महिने खपून, एकेक फोटो मऊ फडक्याने पुसून स्कॅन केला. मूळ फोटोंचा हातात धरताच भुगा व्हायचा, म्हणून ते रीतसर पंचनामा करून टाकून दिले. स्कॅन क्लाउडवर गेले. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी परमुलखातलं भाड्याचं गोदाम. आपण ते कधी बघितलेलं नसतं, भाडं मात्र दर महिन्याला भरायचं असतं.

तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, भाडं कमी करा. गोदामवाल्या कंपनीकडे चार कप्पे होते. पहिला चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीसारखा: हात घातला की वस्तू हातात, आणि भाडं सगळ्यात जास्त. चौथा म्हणजे घराचा वरचा माळा. तिथे भाडं नावापुरतं, पण वस्तू हवी झाली की मागणी नोंदवायची आणि बारा तास वाट बघायची. फुकटात हवी असेल तर दोन दिवस. मधले दोन मधलेच. कुठलं सामान कुठे ठेवायचं हे ठरवायचं काम सोराइदाकडेच आलं, कारण तिच्याइतकं नीट दुसरं कोण करणार? तिने जुनी मागणी-रजिस्टरं काढली, संगणकातली उघडझापीची नोंद काढली, आणि नियम लिहिला: दहा वर्षांत जे कुणी मागितलं नाही, ते चौथ्या कप्प्यात. ८३चे फोटो शेवटचे मागितले गेले होते ९९ साली. गेले माळ्यावर.

नियम साधा होता, सरळ होता आणि साफ चुकीचा होता. आमच्याकडे एल निनो येतो पंधरा-वीस वर्षांनी. संकटच जिथे पंधरा वर्षांनी दार वाजवतं, तिथे दहा वर्षांची पट्टी लावायची? पण रकाने नीट भरले की शहाण्या माणसाच्याही डोळ्यांवर झापड येते. मधल्या कप्प्यात ठेवले असते तर फोटो पाच मिनिटांत मिळाले असते. दोन्ही कप्प्यांत फरक होता महिन्याला दोन माणसांच्या साध्या जेवणाचा. तेवढी बचत झाली म्हणून साहेबांनी तिची पाठ थोपटली होती, आणि तिलाही ते आवडलं होतं. हे ती पुढे कधी विसरली नाही.

मार्चच्या चौदा तारखेला, मंगळवारी सकाळी नऊला, ती टेबलाशी कॉफी घेऊन बसली होती आणि रेडिओ चालू होता. वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळत होता. ला विउदा नावाचा आमचा ओढा वर्षानुवर्षं कोरडा असतो, म्हणून तर त्याचं नाव विधवा. तो आता भरून खाली निघाला होता; चार-साडेचारपर्यंत गावालगतच्या वळणावर पोहोचेल असं रेडिओ सांगत होता. मग बातमी आली, नुएवा आल्बोरादा वस्तीतली दोनशे ऐंशी कुटुंबं पहाटेच सुरक्षित जागी हलवली आहेत. कुठे? जुन्या कापसाच्या जिनिंगपाशी, धुराड्याशेजारच्या मैदानावर. छान सपाट मैदान, ट्रक थेट आत जातात, असं नगरपालिकेचा माणूस कौतुकाने सांगत होता.

सोराइदाने कप खाली ठेवला, तो बशीत न बसता टेबलावरच सांडला. त्या मैदानावर तिची कोमाद्रे होती. ग्रेगोरिया सेर्नाकेच्या मुलीला, युलिसाला, सोराइदाने बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरलं होतं, म्हणजे ती युलिसाची माद्रिना, धर्माची आई. तेव्हापासून सोराइदा आणि ग्रेगोरिया एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे बहिणीहून कणभर जास्त आणि भांडायला लागल्या की सवतीहून कणभर कमी. युलिसाला आता सहा महिन्यांचं बाळ होतं. पण तिला आधी आठवली ती माणसं नव्हेत. आठवला एक ओरखडा.

स्कॅन करताना एका फोटोवर काळी बारीक रेघ दिसली होती. ओरखडा समजून तिने फडकं मारलं. गेली नाही. पुन्हा मारलं. मग भिंग लावून बघितलं तर ती रेघ म्हणजे उंच धुराड्याची सावली होती, आणि सावली जमिनीवर पडली नव्हती. पाण्यावर पडली होती.

ती उठली आणि इंजिनिअर हुर्तादोंच्या खोलीत गेली. हुर्तादो कार्यालयाचे प्रमुख. तीन दिवस घरी गेले नव्हते, दोन कानांना दोन फोन होते आणि टेबलावर केळ्याच्या वेफर्सची पिशवी फुटून पसरली होती.

"इंजिनिअर, जिनिंगचं मैदान रिकामं करायला हवं."

"सेन्योरा सोराइदा, आत्ताच तर भरलंय."

"८३ साली पाणी तिथूनच गेलं. वळणावर फुटलं आणि मैदानावरून गेलं."

"तेव्हा बांध नव्हता. आता आहे. माझ्या संगणकातलं गणित सांगतंय, पाणी पात्रातच राहील."

"बांध फुटला तर?"

हुर्तादोंनी दोन्ही फोन खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता. "तुमच्याकडे काही आहे?"

"फोटो आहे."

"द्या की मग!"

"चौथ्या कप्प्यात आहे," ती म्हणाली. "बारा तास लागतील."

"आत्ता मागवला तर?"

"रात्री नऊ वाजता."

"आणि पाणी चारला." हुर्तादोंनी डोळे चोळले. "तो तिथे ठेवला कुणी?"

"मी."

हुर्तादोंनी पसरलेले वेफर्स हाताने एका बाजूला सारले. मग हुर्तादो म्हणाले, "पुरावा आणा, मी लगेच सही करतो. मूळ बघितल्याशिवाय सही नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. दोनशे ऐंशी कुटुंबं तुमच्या आठवणीवर उठवू? उठवली, आणि टेकडीवर चढताना कुणी म्हातारं पडलं, तर काय सांगू?"

"पुरावा रात्री नऊला येईल, इंजिनिअर."

"मग रात्री नऊला सही करतो," ते म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. फोन वाजला, त्यांनी तो उचलला.

सोराइदाने मागणी नोंदवली. यादीत फोटोचा नंबर होता, २२०६. पडद्यावर चौकोन आला: बारा तास की अठ्ठेचाळीस? सवयीने बोट स्वस्ताकडे निघालं होतं; तिने ते दुसऱ्या हाताने धरलं. मग कंपनीच्या मदतीच्या फोनवर तिने वीस मिनिटं गाणी ऐकली. पलीकडची बाई फार गोड बोलत होती.

"मॅडम, या कप्प्यातून यापेक्षा लवकर काही येत नाही. आपण निवड करताना तशी सूचना होती."

"होती," सोराइदा म्हणाली.

"आणखी काही मदत करू का?"

तहान लागल्यावर विहीर खणायची म्हण आपल्याकडे आहे. हिने तर विहीर आधीच खणली होती, पाणीही लागलं होतं, आणि मग वरून स्वतःच्या हाताने दगड लोटला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. पण रडायला वेळ नव्हता. नगरपालिकेला तिने चार फोन केले. प्रत्येकाने पुढच्याचा नंबर दिला आणि चौथ्याने पहिल्याचा. बारा वाजून गेले होते. तिने पिशवी उचलली आणि रस्त्यावर येऊन मोटोटॅक्सी थांबवली.

मैदानावर जत्रा भरल्यासारखं होतं. निळे तंबू ओळीने लागले होते, पोरं फुटबॉल खेळत होती, आणि मध्यभागी ग्रेगोरिया सेर्नाके हातभर लांबीचा डाव घेऊन दोन मोठ्या पातेल्यांवर राज्य करत होती. वस्तीची सामाईक चूल ती चालवायची, त्यामुळे वस्तीही तीच चालवायची. तिने म्हटलं बसा तर लोक बसत, उठा तर उठत.

"या, या, शिक्केवाल्या बाई!" ती लांबूनच ओरडली. "पूर बघायला आलात की सूप प्यायला?"

"कोमाद्रे, इथून उठायला हवं. सगळ्यांनी. टाकीच्या टेकडीवर."

डाव पातेल्यातच थांबला. "काय म्हणालीस?"

"८३ साली पाणी इथून गेलं होतं."

"इथून? या मैदानावरून? अगं, किती सपाट आहे बघ!"

"सपाट कुणी केलं? पाण्याने केलं."

आल्बोरादातली सगळी माणसं डोंगरातून आलेली, आणि तीही ९८च्या पुरानंतर. इथलं ८३ साल पाहिलेलं त्यांच्यात एकही माणूस नव्हतं. ग्रेगोरियाने ओढ्याकडे बघितलं, मग पश्चिमेच्या टेकडीकडे बघितलं. वाळूची टेकडी, वर पाण्याची टाकी, ट्रक चढत नाही, सावली नाही.

"पहाटे चारला उठवून तुमच्याच लोकांनी इथे आणलं," ती म्हणाली. "आता तू म्हणतेस तिथे जा. संध्याकाळी तिसरा येऊन म्हणेल परत वस्तीत जा. आम्ही काय बुद्धिबळातली प्यादी आहोत? कागद दाखव."

"कागद नाही."

"तुझ्याकडे? कागद नाही?" ग्रेगोरिया हसली, पण हसू अर्ध्यातच आटलं. "कोमाद्रे, नीट ऐक. एकशे चाळीस तंबू, चाळीस पिंपं, ही पातेली, सगळं माझ्या सहीने आलंय. मागे वस्तीला आग लागली तेव्हा साठ चादरींसाठी दोन वर्षं मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आठवतंय? पाठीवर पोरगी घेऊन. 'सेन्योरा, चादरी कुठे आहेत?' जळाल्या म्हटलं तर म्हणे, जळाल्याचा कागद कुठाय! मी हे सोडून गेले आणि पाणी आलंच नाही, आणि चोरांनी तंबू नेले, तर मला कोण सोडवणार? तू?"

"फोटो आहे, ग्रेगोरिया. तो मी अशा ठिकाणी ठेवलाय की रात्री नऊपर्यंत हातात येत नाही."

"का ठेवलास?"

"कुणी मागत नव्हतं म्हणून."

ग्रेगोरियाने डाव पातेल्याच्या कडेवर टेकवला. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या होत्या. युलिसा बाळाला खांद्यावर थोपटत मागे येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "माद्रिना, खरंच येणार का हो पाणी?"

आणि तिथे सोराइदा अडली. कारण खोऱ्यात जिनिंगची धुराडी दोन होती. दुसरं खाली कालव्याकाठी, बारा किलोमीटरवर. ती सावली या धुराड्याची की त्या? यादीत नुसतं लिहिलं होतं, 'धुराडे, परिसर जलमय', तिच्याच अक्षरात. ती रेघ पुसतानाचा हात तिला आठवत होता, फडक्याचा वास आठवत होता, पण गाव आठवत नव्हतं. चुकली तर हीच माणसं उन्हात वाळूवर चढतील, म्हातारी कोतारी धापा टाकतील, आणि काही होणार नाही. किंवा त्याहून वाईट: पाणी टेकडीकडूनच येईल.

तिने डोळे मिटले आणि फोटो आठवायचा प्रयत्न केला. सावली. सावलीच्या टोकाशी दोन गोल, शेजारी शेजारी, कोटाच्या बटणांसारखे. तिने तेही पुसून बघितले होते, डाग असतील म्हणून. पाण्याखाली नव्हते ते, पाण्याच्या वर होते. गोल कडा तेवढ्या दिसत होत्या.

तिने डोळे उघडले. "कोमाद्रे, ही चूल कशावर मांडलीस?"

"आता चुलीचं काय काढलंस? जुना हौद आहे, जिनिंगचा. दगडी कडा आहे, वारा लागत नाही."

"असा दुसरा आहे का? गोल?"

"तो काय, पोरं बसलीत त्याच्यावर."

सोराइदाने वळून बघितलं. दहा पावलांवर दुसरी गोल कडा होती, तिच्यावर सहा पोरं पाय हलवत बसली होती. दोन बटणं. धुराडं हेच होतं.

तिने पिशवीतून वही काढली, पान फाडलं आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दोन पिंपांवर ठेवून लिहायला लागली. "आज दिनांक १४ मार्च, दुपारी पावणेदोन वाजता, हवाई फोटो क्रमांक २२०६ पाहिला. त्यानुसार हे मैदान पुराच्या मार्गात आहे. सर्वांना टाकीच्या टेकडीवर हलवावे. येथे मागे राहिलेल्या सामानाची जबाबदारी खाली सही करणारीची." सही केली. मग फडक्यातून शिक्का काढला. तो हातात धरून ती क्षणभर थांबली, हे मी लपवणार नाही. सव्वीस वर्षं जपलेलं एकच काय ते तिच्याकडे होतं. मग तिने तो असा दाबला की पान खाली चुरगळलं. मूळ पाहून खात्री केली.

ग्रेगोरियाने कागद वाचला. हळूहळू, बोट लावून. "इथे लिहिलंय, आज पाहिला."

"हो."

"आणि आत्ता तू म्हणालीस, रात्री नऊला येईल."

"हो."

"म्हणजे हे खोटं आहे."

"इतकी वर्षं ओळखतेस मला," सोराइदा म्हणाली. "पुराव्याशिवाय मी कधी काही बोलले? तुझ्या लग्नात तुझा नवरा चांगला आहे असंसुद्धा म्हणाले नाही."

"म्हणाली नाहीस, आणि नव्हताच तो चांगला."

"मग आज पहिल्यांदा बोलतेय. त्याचा तरी काही अर्थ असेल ना?"

ग्रेगोरियाने कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये खोचली, आणि डाव उलटा धरून पातेल्यावर दाणदाण बडवला. "उठा! सूप राहू द्या! म्हातारी आणि लेकुरवाळी पुढे! ए, तो चेंडू तुझा बाप उचलणार आहे का?"

दोन वाजता लोक निघाले. ट्रक टेकडीच्या पायथ्याला वाळूत रुतला आणि तिथून सगळी पायपीट. आंधळ्या आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. काही पुरुष तंबूंच्या दोऱ्या सोडून ते बरोबर न्यायला गुंडाळू लागले. शिव्या देत, सोराइदाकडे रागाने बघत. एकाने तोंडावर सांगितलं, "पाणी नाही आलं बाई, तर तुम्हाला त्या ओढ्यात नेऊन टाकतो." ती म्हणाली, "टाका." ती प्रत्येक तंबूत वाकून बघत होती आणि सारखी घड्याळ बघत होती. तीन. साडेतीन. आकाश निळं, वारा नाही, ओढ्यात पात्रापुरतंच तांबडं पाणी. बांध धरून होता. चार वाजता हुर्तादोंचा फोन आला: "बांध ठीक आहे. सेन्योरा, तुम्ही कुठे आहात?" तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

सव्वाचारला मैदानावर दोघीच उरल्या. ग्रेगोरिया तंबू मोजत होती.

"अठ्ठावन्न, एकोणसाठ..."

"ग्रेगोरिया, चल!"

"माझ्या सहीचे आहेत गं!"

"आता माझ्या सहीचे आहेत! कागद वाच!"

तेवढ्यात आवाज आला. गडगडाट नव्हे; कुणीतरी लांबवर धान्याचं पोतं ओतत बसावं तसा, न थांबणारा. वळणाकडची बाभळीसारखी झाडं एकेक करून खाली बसायला लागली. दोघी धावल्या. पन्नाशीच्या दोन बाया वाळूत गुडघाभर रुतत, एकमेकींना ओढत, एकमेकींना शिव्या घालत चढल्या. अर्ध्या चढावर सोराइदाने मागे बघितलं. पाणी मैदानावर आलं होतं. उसळत नव्हतं, घाई नव्हती. जुन्या वाटेने घरी येणाऱ्या माणसासारखं सरळ आलं, निळे तंबू एकामागून एक उचलले आणि घेऊन गेलं. दोन गोल कडा तेवढ्या वर राहिल्या. पश्चिमेच्या उन्हात धुराड्याची सावली पाण्यावर पडली होती.

कुणी गेलं नाही. दोनशे ऐंशी कुटुंबं, सगळी टेकडीवर. युलिसाचं बाळ त्या सगळ्या गोंधळात झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी सोराइदाने फोटो २२०६ उघडला. वरातीमागून घोडं आलं ते असं. हुर्तादो तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पाणी होतं, सावली होती, दोन बटणं होती. त्यांनी वाकून ती बटणं जवळून बघितली. मग म्हणाले, "मी नऊ वाजता सही करणार होतो." सोराइदाने मान हलवली. त्यांनी मोठ्या नकाशांच्या यंत्रावर तो फोटो स्वतः छापला, टेबलाएवढा, आणि गुंडाळी करून तिच्या हातात दिली. कुठल्याही रजिस्टरात ती नोंद नाही.

जूनमध्ये चौकशी बसली. एक्क्याऐंशी तंबू वाहून गेले होते आणि तंबूंचा हिशेब द्यावा लागतो. माणसं वाचल्याचा द्यावा लागत नाही. समितीच्या तिघांपुढे तो चुरगळलेला कागद होता आणि शेजारी संगणकातली उघडझापीची नोंद. हीच नोंद काढून तिने तीन वर्षांपूर्वी नियम केला होता.

"कागद म्हणतो, फोटो चौदा तारखेला दुपारी पावणेदोनला पाहिला," मधल्या माणसाने विचारलं. "नोंद म्हणते, तो पंधरा तारखेला सकाळी सात-अठराला उघडला. दोन्ही खरं कसं असेल?"

"नोंद खरी आहे," सोराइदा म्हणाली. "कागद खोटा आहे."

"म्हणजे आपण मूळ न पाहता शिक्का मारलात?"

"पाहिला होता. सहा वर्षांपूर्वी. पुसला होता."

"तसं इथे लिहिलेलं नाही."

"नाही," ती म्हणाली. "पाणीही खरं होतं. तेही कुठे लिहिलेलं दिसत नाही."

सहा महिने निलंबन, शिक्का जमा. हुर्तादो तिच्या बाजूने बोलले, म्हणून नोकरी राहिली. जाताना तिने दहा वर्षांचा नियम बदलावा म्हणून दोन पानी अर्ज दिला: किती वेळा लागतं ते बघू नका, लागेल त्या दिवशी किती लवकर लागेल ते बघा. अर्ज घेतला, पोच दिली. नियम अजून तोच आहे. नोंदीप्रमाणे फोटो या मार्चमध्ये उघडला गेला, म्हणून मधल्या कप्प्यात आला. कुणी हात लावला नाही तर दहा वर्षांनी आपोआप माळ्यावर जाईल.

नुएवा आल्बोरादा आता टेकडीवरच आहे. तिथे नवी सामाईक चूल झाली तेव्हा सोराइदा गुंडाळी घेऊन गेली. ग्रेगोरियाने पिठाची खळ केली आणि दोघींनी मिळून फोटो चुलीसमोरच्या भिंतीवर चिकटवला, जिथे बाया रोज दुपारी पातेली घेऊन रांगेत उभ्या राहतात.

"ह्याच्यावर शिक्का नाही, कोमाद्रे," ग्रेगोरिया म्हणाली.

"माझ्याकडे आता नाहीच तो."

"राहू दे. रोज बघणारच आहोत आम्ही."

रांग सरकेपर्यंत बायांना दुसरा उद्योग नसे. जी ती दोन गोल कडा शोधायची आणि तिथे बोट ठेवायची: इथे आमचा तंबू होता. पोरांना उचलून दाखवायच्या. सूप ढवळलेलं, मासा साफ केलेलं, बाळ पुसलेलं बोट. महिन्याभरात कागदावर तेवढी जागा तेलकट, काळी पडली.

सोराइदाला एके दिवशी ते दिसलं. तिने सवयीने पिशवीतून फडकं काढलं, भिंतीपाशी गेली, डागावर धरलं. मग तसंच परत पिशवीत ठेवलं, आणि रांगेत आपल्या जागी येऊन उभी राहिली.